कचेरीत न घेतलेले नाव

त्या दिवसाची तारीख मला नक्की आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. लढाई चालू होती आणि केळीच्या बागांना पाणी द्यायचे दिवस होते, एवढे खात्रीने सांगतो. बाकी सारे पाण्याखालून पाहावे तसे दिसते: सावद्याहून निघालेली सकाळची गाडी, खिडकीबाहेर लांबवर हिरवी पाने, आणि त्या पानांकडे बघत समोरच्या बाकावर बसलेली माझी बायको. तिच्या देशातही अशाच बागा होत्या. आपण कुठून कुठे चाललो आहोत हे तिला मधूनच कळेनासे होत असावे, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटे. मलाही तसेच होत होते.

ती सयामची, ब्रह्मदेशापलीकडच्या मुलुखातली. मी तिकडे सुरतेकडच्या एका कापडवाल्याच्या पेढीवर सात वर्षे कारकून होतो. लग्न तिच्या गावी, तिच्या रीतीने झाले. दोघांच्या डोक्यांवरून पांढऱ्या सुताचा एकच धागा घेतला आणि वडीलधाऱ्यांनी एकेक करून आमच्या जोडलेल्या हातांवर शंखातून पाणी सोडले. बावीस माणसे होती. मी मोजली होती. कागद मात्र झाला नाही. बोटीच्या तिकिटापासून देवी टोचल्याच्या दाखल्यापर्यंत सगळे जपून ठेवणारा मी; पण हातांवरून वाहून गेलेल्या पाण्याचा दाखला कुठून आणणार?

आम्ही इकडे परत आल्यावर काही वर्षांनी सयाम जपानच्या बाजूला गेला आणि जळगावच्या पोलीस कचेरीतून बोलावणे आले. ती माझी लग्नाची बायको ठरली, तर माझ्यासारखीच इथली रयत. न ठरली, तर शत्रूच्या मुलुखातली बाई, आणि तिची रवानगी नजरकैदेच्या छावणीत.

आई हट्टाने बरोबर आली. "तुम्ही कागद दाखवा, मी तोंड दाखवते," म्हणाली.

कचेरीत आमची वेगवेगळी चौकशी झाली. माझी आधी झाली. मग मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून हवालदाराने बजावले, "आता तोंडातून आवाज काढायचा नाही." खिडकी उघडी होती. साहेब विलायतेचे, नुकतेच बदलून आलेले. शिरस्तेदार त्यांचे प्रश्न मराठीत विचारीत. घराचे दार कोणत्या दिशेला? सासू जेवायला कधी बसते? विहिरीला पायऱ्या किती? ती झोपेत बोलावे तशी हळू, आमच्याकडच्या बोलीत उत्तरे देत होती. पायऱ्या तिने एकोणीस सांगितल्या. मी अठरा सांगितल्या होत्या. (घरी येऊन मोजल्या. तिचे बरोबर होते.)

मग शिरस्तेदारांनी विचारले, "नवऱ्याचं नाव?"

दोरीच्या पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा. ठाऊक नाही का?"

"ठाऊक हाये. घेत नाही मी."

नवऱ्याचे नाव तोंडाने घेतले की त्याचे आयुष्य घटते, हे आईने तिला घरी आल्या दिवशीच शिकवले होते. आमच्याकडची कोणतीही बाई तशीच गप्प राहिली असती. पण ही परदेशी. हिलाही ही रीत असेल असे शिरस्तेदारांच्या मनातही आले नाही. ते साहेबांशी इंग्रजीत काही बोलले आणि साहेबांची लेखणी चालू लागली. मी उठलो. हवालदाराचा हात खांद्यावर पडला.

आई अंगणात लिंबाखाली बसली होती. तिने सगळे ऐकले होते. ती उठून थेट खिडकीशी आली.

"अहो रावसाहेब, तुमच्या मंडळीनं कधी घेतलं का तुमचं नाव?"

शिरस्तेदार दचकले. "आजीबाई, ही बाई सयामची..."

"व्हती सयामची! आता माझ्या घरची हाये. मीच शिकवलं तिले. तुमची बायको तुम्हाले नावानं हाक मारत असंन त सांगा, मीच हिले छावणीत पोचवून देते!"

हवालदार फसकन हसला. शिरस्तेदारांचे कान लाल झाले. त्यांनी साहेबांना बराच वेळ काही समजावले. साहेबांनी लेखणी ठेवली आणि एकच प्रश्न विचारायला लावला: नाव न सांगितल्यास छावणीत जावे लागेल, हे बाईंना समजले आहे का?

"समजलं," ती म्हणाली. "मी जाईन. त्यायले जगू द्या."

बाकावर बसून मी माझेच नाव मनात म्हणून पाहिले. ते माझे वाटेना. कुणीतरी सांभाळायला घेतलेली वस्तू असावी तसे वाटले.

साहेबांनी कागद फाडला नाही. एक ओळ खोडली आणि तिच्यावर एक शब्द लिहिला. शिरस्तेदारांनी तो मला वाचून दाखवला: पत्नी. नावाची जागा त्यांनी माझ्याकडून भरून घेतली.

बाहेर ऊन पांढरे पडले होते. ती पायऱ्या उतरून आली, पदर सावरला आणि म्हणाली, "गाडी कितीला हाये?"

भुसावळकडच्या साऱ्या गाड्या मला पाठ. पण मी तिच्याकडे बघत उभा राहिलो, आणि एकही वेळ आठवेना.

"त्याले काय विचारते," आई म्हणाली. "चाल, स्टेशनावर बसू. येईन तवा येईन."