पणजोबांचं प्रमोशन

दौंडच्या नबीलाल शेखांना रेल्वेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही प्रमोशन मिळालं नाही. कीमन म्हणून लागले, रोज हातोडा खांद्यावर टाकून रुळांच्या चाव्या ठोकत चालले आणि कीमन म्हणूनच रिटायर झाले. ती कसर त्यांनी पणजोबांवर भरून काढली.

पणजोबा इमामभाई मनमाडची लाइन मोजणाऱ्या गोऱ्या साहेबाची मापाची पट्टी धरायचे, एवढंच वडिलांनी सांगितलं होतं. नबीलालनी स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत त्यांना इंजिनिअर केलं. साहेब पुढं पुण्यात प्रोफेसर झाला, तेव्हा एकट्या साहेबानंच का व्हावं, म्हणून नात शाळेत जाईपर्यंत इमामभाईही प्रोफेसर झाले. बायको रशिदा म्हणायची, "आता त्यांची पेन्शन तेवढी चालू करा."

पण नात सना ते खरं धरून बसली. "आपल्या रक्तातच हाय," म्हणत पुण्याला सिव्हिल इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा नबीलालना पहिल्यांदा आपल्या थापेची भीती वाटली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, साहेब आमच्याच कॉलेजात शिकवायचा. त्याच्या जुन्या वह्या प्रदर्शनात मांडल्यात. इमामभाईंचं नाव हाय त्यात! रविवारी येऊन वाचून दाखवते."

रविवारपर्यंत नबीलालना घास गोड लागेना. नात थापाड्या म्हणाली असती तर चाललं असतं. पण थापेच्या जोरावर शिकायला गेलेली पोर मध्येच खचली तर?

सना दारात चपला काढतेय तोच ते म्हणाले, "पोरी, इंजिनिअर नव्हते ते. पट्टी धरायचे. मी वाढवून सांगितलं."

"वाचलं मी. ऐका तर."

वहीत लिहिलं होतं ते असं. साहेबाची मोजणीची दुर्बीण जुनी, सगळं उलटं दाखवणारी. इमामभाईंनी एकदा गुपचूप डोळा लावला, तर पट्टीवरचे आकडे खाली डोकं वर पाय. बिचाऱ्या साहेबाला वाचायला त्रास होतो, म्हणून त्यांनी कुणाला न विचारता पट्टीच उलटी धरली. साहेबही नवशिका, आकडे सरळ दिसल्यावर तोही खूश. पण पट्टीचं शून्य जमिनीऐवजी वर गेलं आणि तीन दिवसांची मोजणी पाण्यात गेली.

नबीलालनी कपाळावर हात मारला. "शोभतोय आमचाच माणूस!"

"पुढं ऐका," सना म्हणाली आणि वहीतून उतरवून आणलेलं हळू वाचू लागली. "'दर वर्षी पहिल्या तासाला मी ही गोष्ट सांगतो. दुर्बीण उलटं का दाखवते, हे मी इमामला सांगितलंच नव्हतं. चूक त्याची नव्हती, माझी होती.'"

नबीलालचे डोळे भरले. इंजिनिअर इमामभाईंशी त्यांची कधी ओळखच झाली नव्हती. दुसऱ्याला नीट दिसावं म्हणून तीन दिवस उन्हात पट्टी उलटी धरणारा हा माणूस मात्र एकदम घरचा वाटला.

दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेर चहावाल्या बन्सीनं नेहमीसारखं छेडलं, "काय मामा, इंजिनिअरांचं घराणं काय म्हणतंय?"

"पट्टी धरणाऱ्यांचं हाय, बन्सी. ती बी उलटी," नबीलाल म्हणाले. "इंजिनिअर आता पहिलीच व्हतीय. तिसऱ्या वर्षाला हाय."