आउरेस्कूला बसून राहायचं

चॅपेलची चढण अर्धी झाली आणि गार्बिन्येबाईंचे गुडघे बोलू लागले, तेव्हा आम्ही वळणावरच्या दगडावर टेकलो. दर शनिवारी आम्ही दोघी वर जाऊन मेणबत्ती लावून येतो. वाटेत त्यांचं तोंड कधी मिटत नाही, पण त्या दिवशी निघाल्यापासून त्या गप्प होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा बेन्यात तुरुंगातून सुटून येणार होता.

गावाने चौकात स्वागत ठरवलं होतं. फुलं, घोषणा आणि शेवटी आउरेस्कू. हा आमच्याकडचा मानाचा नाच, लग्नात नवरीपुढे होतो, मयताला पेटीपुढेही होतो. बासरी सुरू झाली की सगळे उभे राहतात. बसून राहणं म्हणजे ज्याच्यापुढे नाच चाललाय त्याचा अपमान. चौकावर ज्या घराची खिडकी उघडते ते बेगोन्याचं. तिचा नवरा फेर्मिन नगरपालिकेवर निवडून आलेला. तो पाव घेऊन घरी परतत होता, तेव्हा बेन्यातने त्याला त्याच चौकात गोळी घातली.

वरून केपा उतरत आला. स्वागताची सगळी जबाबदारी त्याच्याकडे.

"काय काकू, उद्यासाठी देवाकडे वशिला लावताय? पाऊस नको म्हणावं."

"देव आधीच वैतागलाय तुमच्यावर."

केपा हसला. "तुमची खुर्ची पहिल्या रांगेत आहे. नाचाच्या वेळी उठायला हात द्यायला माणूस ठेवतो."

"आणि नाही उठले तर?"

त्याचं हसणं थांबलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "सगळं गाव बघत असेल, काकू. त्याने आयुष्य घातलं तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? मी कधी सांगितलं होतं?"

"आज गुडघ्यांना तेल लावा," तो हळू आवाजात म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज खालच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

मग बाई म्हणाल्या, "सिस्टर, आपली भाषा बोलला म्हणून माझ्या बापाला शिपायांनी फोडून काढलं होतं. तेव्हा मत बित काही नव्हतं. त्या शिपायांशी लढणाऱ्या पोरांना मी गवताच्या माळ्यावर लपवलं, बंदुकांसकट. त्याचा मला पस्तावा नाही, फादरनाही तसंच सांगितलंय. पण पुढे शाळेत मतपेटी आली. मी फेर्मिनच्या विरोधातच मत टाकलं, तरी तो आला निवडून. पुढच्या खेपेला पाडला असता. आमच्या पोराला तेवढा धीर निघाला नाही."

"हे त्याला कधी बोललात?"

"कशी बोलणार? इथे सगळे 'कारवाई' म्हणतात, मीही म्हणत आले. बेन्यातची कारवाई. जशी काही नगरपालिकेने गटार साफ केली. आज सकाळी भांडी घासताना मोठ्याने म्हणून बघितलं, खून. हातातली बशी सुटली."

मी म्हटलं, "मग घरीच थांबा ना. जाऊच नका चौकात."

"म्हणजे म्हातारी आजारी पडली म्हणतील, झालं. बेगोन्याला खिडकीतून काय दिसणार? रिकामी खुर्ची." त्यांनी गुडघा चोळला. "तुरुंगातल्या मागच्या भेटीत काचेतून त्याला म्हटलं, नाच नको म्हण. तर म्हणाला, तू बसून राहिलीस तर तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. त्याची खोली झाडून ठेवलीय, सिस्टर. चादर घातलीय."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

थोड्या वेळाने त्यांनी माझा हात धरला. "उद्या माझ्या शेजारी बसा. जन्मभराची सवय आहे, बासरी ऐकली की पाय आपोआप उठतात. मी उठायला लागले तर माझा कोट धरा आणि खाली ओढा. कुणी काही म्हणो, सोडू नका."