एक रिंग म्हणजे पोहोचलो

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात दुरुस्तीची टीम माझ्या हाताखाली होती. ती माणसं दिवसभर बेटभर फिरून बँकांची यंत्रं दुरुस्त करायची आणि मी टेबलाशी बसून त्यांना फोन करायचे. "कुठं आहात? किती वेळ लागेल?" बरेचदा फोन उचललाच जायचा नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय काढला की सगळे माना खाली घालून "ओके मॅडम" म्हणायचे. तिथंच बोलणं संपायचं.

एकदा मीटिंगनंतर टीममधले सर्वांत ज्येष्ठ मलय गृहस्थ दाराशी थांबले. सगळे त्यांना अंकल म्हणत. "आम्ही सकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरला नाश्ता करतो. उद्या याल का?"

मी गेले. एका मोठ्या छपराखाली खाण्याच्या टपऱ्या आणि मधे टेबलं होती. तीच माणसं तिथं एकमेकांना मध्येच तोडत, हसत बोलत होती. मला पाहून त्यांनी सरकून जागा केली. अंकलनी माझ्यासाठी प्राटा, म्हणजे रश्श्याबरोबर खायचा तिथला पराठा, मागवला आणि म्हणाले, "मॅडम, दोन्ही हात मशीनमध्ये असतात आणि तुमचा फोन वाजतो. उचलला तर स्क्रू आत पडतो, नाही उचलला तर तुम्ही रागावता."

"रागावत नाही हो. माणूस पोहोचला का म्हणून बँकेवाले माझ्यामागे लागतात. त्यांना काय सांगू?"

"असं होय!" अंकल म्हणाले. " आम्हाला वाटायचं, तुमचा आमच्यावर विश्वास नाही."

मग मी पुण्यातली आमची मिस्ड कॉलची युक्ती सांगितली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे काम झालं. अडलं तरच बोलायचं. कुणीतरी विचारलं, "आणि भूक लागली तर?" टेबल हसून दणाणलं.

त्याच दुपारी माझा मोबाईल एकदाच वाजून थांबला. पाठोपाठ बँकेचा फोन आला, तेव्हा मी निवांतपणे म्हणाले, "पोहोचलेत आमचे लोक."

सोमवारची मीटिंग पुढे बेडोकलाच होऊ लागली. भांडणंही व्हायची, पण तोंडावर. सुट्टीत एकदा लेकीला सोबत नेलं. अंकल गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुझी आई फार कडक बॉस आहे." मी खुलासा करायला लागले, तर लेक अस्सल सिंगापुरी थाटात म्हणाली, "ममा, ही इज जोकिंग लाह!" आणि माझ्या ताटलीतला प्राटा तिनं सरळ अंकलच्या रश्श्यात बुडवला.