दिवस मावळायच्या आत

वजन उतरवायचं ठरवलं आणि सगळ्यांत आधी माझं पिणंच वादात सापडलं. आहार सांगणाऱ्या बाईंनी सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घ्यायला सांगितलं. आम्हा जैनांच्या घरात मध? आई म्हणाली, "ती बाटली उंबऱ्याच्या आत आणायची न्हाय." सरबतात साखर, म्हणून ते मी सोडलं. शेवटी त्या बाईंचं आणि आईचं एकमत ताकावर झालं. पातळ, लोणी काढलेलं. मीठ कमी घाल म्हटल्यावर मात्र आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं पेला तोंडाला लावला.

ताक प्यायलं की मला निपाणीकडचं आमचं घर आठवतं. दिवस मावळल्यावर आमच्यात अन्न नाही आणि पाणीही नाही. त्यामुळे उन्हाळ्यात संध्याकाळी स्वयंपाकघरात नुसती झुंबड उडायची. आधी ताक, मग फडक्यानं गाळून, उकळून गार केलेलं पाणी. आम्ही भावंडं पोट टम्म होईस्तोवर प्यायचो आणि उड्या मारून पोटातलं पाणी वाजवायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, रानातून सगळ्यांत शेवटी यायचे. लई चांगले दिवस होते ते. आता पाण्याच्या बाटलीवरच्या मापाच्या रेघा बघून पिते, तहान लागायची वाटच बघत नाही.

आप्पा गेल्यावर आई माझ्याकडे बेळगावला, शहापुरात राहायला आली. मी कामावरून यायच्या वेळेला ती ताकाचा पेला घेऊन दारात उभी असायची. मी रात्रीही पाणी पिते हे तिला ठाऊक होतं, तरी उभी. बसला उशीर झाला की पेला झाकून आत ठेवायची आणि काही बोलायची नाही. तिच्या त्या गप्प राहण्याचा मला राग यायचा.

या उन्हाळ्यात ती चक्कर येऊन न्हाणीच्या दारातच बसली. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालंय. मी तिच्यावरच चिडले.

"दिवसभर घरात असतेस, पाणी का पीत नाहीस?"

"पिते की. सांजचं तेवढं ऱ्हातंय कवा कवा."

"का म्हणून?"

"तू उन्हातनं यायची, आन् मी आधी पिऊन बसू व्हय? तुझं आप्पा हुतं तवापास्नं असंच हाय."

म्हणजे माझी बस चुकून दिवस मावळला की ती सकाळपर्यंत कोरडी. आप्पांना रानातून यायला उशीर झाला की तेव्हाही कोरडी. एका घरात राहून आम्हा भावंडांपैकी कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तिला समजावून उपयोग नव्हता. आता ऊन कलायला लागलं की मी ऑफिसातूनच फोन करते.

"मी प्याले गं. तू पी आता."

"काय पिलीस?"

"ताक."

बहुतेक वेळा मी कामातून उठलेलीही नसते आणि घसा कोरडाच असतो. पलीकडून तिचे घोट ऐकू येतात. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला की मगच मी फोन ठेवते.