चिंधीदेवाची पट्टी

नवस, उतारा, अंगारा, देवऋषी — या सगळ्यांविरुद्ध मी स्वतः पत्रकं छापून वाटली आहेत. बाजाराच्या दिवशी, भर चौकात, घसा फोडून! हे वाचून माझे जुने सोबती हसतील, ठाऊक आहे मला. हसू द्या. घडलं ते भर दुपारी घडलं, शंभरावर माणसांच्या देखत.

नवं मराठी राज्य झालं त्याच्या पुढचा उन्हाळा. केळापूरकडच्या कोलाम आदिवासींनी बापजाद्यांपासून वाहिलेली, कसलेली जमीन कागदावर जंगल म्हणून लागली होती. म्हणून केळापूरहून यवतमाळला पायी मोर्चा निघाला. तिथे कलेक्टरसाहेबांपुढे शेतांच्या खुणा सांगायच्या होत्या, आणि त्या साऱ्या तोंडपाठ असलेला माणूस एकच — लेतूकाका. साठीचा, काटक, जन्माचा अनवाणी. तो पोचला नाही तर मोर्चा पोचून उपयोग शून्य!

माझ्याकडे औषधाची पेटी होती. मोर्चा घोषणांवर नाही, तळपायांवर चालतो, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो. दर मुक्कामाला मी रांगेने पाय बघायचो. फोडाची कातडी सोलायची नाही. उकळलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, वर जांभळं औषध, वर पट्टी. कोणाला भोवळ आली तर सावलीत निजवून मीठ-गुळाचं पाणी, घोट घोट.

पण लेतूकाकाच्या उजव्या टाचेत बाभळीचा काटा आत मोडला... तो सुईने निघेना. दुसऱ्या सकाळी घोट्यावरून लाल रेघ वर निघालेली दिसली. विष चढत होतं.

"काका, बंडीत बसा." शिध्याची बैलबंडी मोर्चामागून येत होती.

"बसून गेलो तं साहेब म्हणन, हा बुढा का जमीन वाहते? नाही बाबू. मी चालत जातो."

"डाक्टर," शेजारून करीमभाई म्हणाला, "तुमच्या पेटीत जिद्दीवरची गोळी आहे का?" हा पांढरकवड्याचा सायकल दुरुस्तीवाला. मला डाक्टर म्हणून चिडवायचा, आणि थकलेल्यांची गाठोडी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा.

मोहद्याच्या अलीकडे रस्त्याला एक हिवराचं झाड आहे. चिंधीदेव म्हणतात त्याला. वाटसरू अंगावरची चिंधी फाडून फांदीला बांधतो. शीण, दुखणं तिथेच राहतं म्हणे. लेतूकाका खाली बसला, मी घातलेली पट्टी सोडली आणि फांदीला बांधली!

"काका, पट्ट्या संपत आल्या!"

"दुखनं ठेवलं इथं. चाल आता."

माझं डोकं फिरलं. एक तर धडधाकट पट्टी, उकळून पुन्हा वापरता आली असती. त्यात हे झाडापुढे हात जोडणं! मी सगळ्यांसमोर ती गाठ सोडली आणि पट्टी खिशात घातली. "पट्टी माणसाच्या पायाला लागते, झाडाला नाही!"

एरवी अशा वाक्याला टाळ्या पडत. त्या दिवशी दोघातिघांनी झाडाकडे बघून हात जोडले.

"कायले हात लावला बे?" करीमभाई हळूच म्हणाला. "दर्ग्याचा धागा सोडते का कोणी?"

माझ्या धोतराची पट्टी फाडून काकाची टाच बांधली आणि निघालो. शंभर पावलंही झाली नसतील — माझ्या उजव्या टाचेत आग घुसली! चप्पल काढून पाहिलं. काटा नाही, सूज नाही, लालीसुद्धा नाही. पण पाय टेकवेना. आणि पुढे लेतूकाका... खडीवर टाच आपटत चाललेला!

"मांगं जा, बांधून ये," करीमभाई म्हणाला.

"बांधली म्हणजे मी मानलं असं होईल."

"मंग चाल लंगडत, तत्त्वासंगं!"

लंगडलो. पण कारण फक्त तत्त्व नव्हतं. पट्टी परत बांधली आणि दुखणं काकाकडे फिरलं तर? मानत तर नव्हतो... आणि तरी ती पट्टी मी खिशात गच्च धरून चाललो. यवतमाळ येईपर्यंत सोडली नाही.

साहेबांपुढे लेतूकाका ताठ उभा राहिला. कोणत्या नाल्याच्या वळणावर बापाने धोंडा पुरला, कोणत्या मोहापासून बांध वळतो — सगळं सांगितलं. साहेबांनी नवी मोजणी लावली! आमच्या आरोळीने कचेरी दणाणली.

तिथून थेट दवाखाना. मी बाहेर बाकावर, टाच हातात धरून. आतून काकाचा आवाज आला, "बधिराची सुई कायले टोचता? दुखत तं नाही. काप तसाच."

डॉक्टरांनी चीर दिली असावी, कारण मी किंचाळलो. गुरासारखा! मग एकदम... काही नाही. टाच मोकळी, हलकी.

डॉक्टर चिमट्यात बोटाच्या पेराएवढा काटा धरून बाहेर आले. "आत एवढा पू, आणि हा माणूस चालला कसा? हूं सुद्धा केलं नाही त्याने! मग ओरडलं कोण?"

करीमभाईने माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर दोन शहाण्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. दोघेही म्हणाले, मनाचे खेळ. असतील. मन माझं होतं, कबूल! पण टाच तर लेतूकाकाची होती... तिला सुरी का कळली नाही? यावर पत्रक लिहायला मी अनेकदा बसलो आहे. पहिल्या ओळीपुढे जात नाही.