माझा फाटा गेला

त्या मालिकेचं नाव घेतानासुद्धा माझं तोंड कडू होतं. पण ते घेतल्याशिवाय सुमतीची गोष्ट सांगता येणार नाही, म्हणून घेते. ‘अंधारवीर’. ती म्हणे नागपुरात घडते. काळा झगा घातलेला आणि डोळ्यांवर बोटभर पट्टा बांधलेला एक माणूस गुंडांना बडवत फिरतो, आणि तेवढ्या पट्टीमुळे त्याची सख्खी आईसुद्धा त्याला ओळखत नाही. नागपूर म्हणून जे काही दाखवतात तिथे कायम रात्र असते आणि रात्रभर पाऊस पडत असतो. आमच्या नागपुरात एप्रिलमध्ये दुपारी डांबर चपलेला चिकटतं. ते दाखवलं असतं तर झगेवाला दोन मिनिटांत चक्कर येऊन पडला असता.

सुमती चौथीत माझ्या वर्गात होती. मी महापालिकेच्या शाळेत जन्मभर शिकवलं, आणि एवढ्या पोरांत लक्षात राहिली ती ही. कोणी कोणाची पेन्सिल पळवली की पेन्सिलवाली रडत बसायची आणि सुमती उभी राहून सांगायची. अंगाने काडी, पण आवाज खणखणीत. तिच्या आजोबांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली होती, आणि त्यांनी तिला शिकवलेली एकच गोष्ट ती मला सांगायची: आपण खाली मान घालून चालायचं नाही. पुढे ती एसटीत कंडक्टर झाली. नागपूर-उमरेड गाडीवर तिची ड्यूटी. राहायला माझ्याच गल्लीत आहे. लग्न केलं नाही, का केलं नाही ते मी विचारलं नाही. गाडीवरून आली की जेवणाच्या आधी माझ्याकडे येऊन दिवसभराच्या भानगडी सांगते. अजूनही मला बाईच म्हणते.

आता घंटीचं सांगते. एसटीत कंडक्टरने दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. सुमती आणि तिचा ड्रायव्हर रुपराव यांच्यात मात्र तिसऱ्या घंटीचा एक खासगी करार होता. एकदा गाडीत एका बाईला कळा सुरू झाल्या आणि फाट्याफाट्यावर थांबत जाण्यात तिची पार दैना झाली. तेव्हापासून दोघांनी ठरवलं की लागोपाठ तीन घंट्या वाजल्या की मध्ये कोणी कितीही ओरडलं तरी थांबायचं नाही, थेट उमरेड. हे डेपोत कोणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या दुपारी गाडी गच्च भरलेली होती. पाचगावला दोन टोळभैरव चढले. खिडकीशी बसलेल्या कॉलेजच्या एका पोरीला खेटून उभे राहिले. आधी बोलणं, मग ओढणी, मग हात. पोरगी रडायला लागली तशी सुमती गर्दीतून वाट काढत तिथे पोचली. त्यातल्या एकाने चाकू काढला आणि पुढच्या फाट्यावर पोरीला घेऊन उतरणार असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा सांगितलं. सुमतीने दोरी धरली आणि तीनदा ओढली.

रुपरावने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाडी सुसाट सोडली. फाटा आला आणि गेला. गुंडांना काही कळेना. ते दाराकडे धावले तर सुमती दाराला पाठ लावून उभी. त्या झटापटीत तिच्या हातावर चाकू बसला. मनगटापासून कोपरापर्यंत तो वण आजही आहे. आणि गाडीत कोण होतं? बाप्ये होते, धडधाकट होते, काही तर नुकतेच शेतातून आलेले, हातात कुऱ्हाड असलेले. सगळे मूग गिळून बसले. कोणी खिडकीबाहेर बघत होता, कोणी मोबाइलमध्ये, एकाने तर डोळेच मिटून घेतले. गाडीतून आवाज आला तो फक्त एक. मागच्या बाजूने कोणीतरी चिडून ओरडलं, “ओ बाई, गाडी थांबवा ना! माझा फाटा गेला!”

सुमतीचा हात रक्ताने भरलेला, आणि याचा फाटा गेला.

रुपरावने गाडी सरळ उमरेडच्या ठाण्याच्या आवारात नेऊन उभी केली. दोघांना पोलिसांनी तिथेच धरलं. उतारू पटापट उतरले आणि पांगले. साक्ष द्यायला थांबले ते तिघं: पोरगी, रुपराव आणि हाताला ओढणी गुंडाळलेली सुमती.

त्यानंतर एक चांगली गोष्ट झाली. रस्त्यावरच्या गावांतल्या मुली ठरवून सुमतीच्या गाडीने नागपूरला कॉलेजला जायला लागल्या. “सुमतीबाईच्या गाडीनं जाय,” असं आया सांगायच्या. जो फाटा गेला होता, त्याच फाट्यावर काजल नावाची एक पोरगी चढायची. त्या गावातून बी.एस्सी.ला जाणारी ती पहिलीच. बाप ताराचंद तिला रोज सायकलवर फाट्यापर्यंत सोडायचा आणि गाडी दिसली की लांबूनच परत फिरायचा. काजल सुमतीच्या सीटशेजारी बसून वाटेत अभ्यास करायची. तिच्या प्रॅक्टिकलची तारीख सुमतीला पाठ असायची. त्या दिवसाबद्दल एसटीने सुमतीला बक्षीस दिलं होतं, पण एवढं कौतुक तिने त्याचंसुद्धा केलं नाही.

आणि मग मुंबईहून स्वानंद आला. ‘अंधारवीर’चा लेखक. कुठेतरी बातमी वाचून आलेला. सुमतीने त्याला वडाभात करून घातला, वरून फोडणीचं तेल. तो मिटक्या मारत जेवला, डोळ्यांत पाणी आणून सगळं ऐकलं, तीन घंट्यांचं दोनदा ऐकलं. निघताना तिचा हात हातात घेऊन म्हणाला, “ताई, माझ्या मालिकेची सुरुवात तुमच्यापासूनच होणार.” आम्ही सगळ्या गल्लीला सांगत सुटलो.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी सुमतीच्या घरी मी होते, रुपराव होता, समोर चिवड्याची ताटली होती. पडद्यावर रात्र. पाऊस. बस रिकामी. गाडीत एक पोरगी, दोन गुंड आणि कंडक्टर बाई. ड्रायव्हरने चाकू पाहिला आणि चालत्या गाडीतून उडी मारून पळाला. रुपरावने तोंडाकडे नेलेली मूठ परत ताटलीत टाकली. गुंडाने चाकू उगारून भलंमोठं भाषण ठोकलं. एवढ्या वेळात आमची सुमती गाडी घेऊन भिवापूरला पोचली असती. मग त्याने कंडक्टर बाईला मारलं. ती मरता मरता फोनवर धाकट्या भावाला म्हणाली, “त्यांना सोडू नकोस.” तो भाऊ म्हणजे अंधारवीर. त्याने बहिणीच्या रक्ताळलेल्या खाकी ओढणीची चिंधी फाडून डोळ्यांवर बांधली आणि विजा चमकल्या. घंटी एकदाही वाजली नाही.

मला शिसारी आली. जिवंत बाई माझ्या शेजारी बसली होती, हातावरचा वण चोळत, आणि त्या लोकांनी तिला मारून तिच्या ओढणीचा एका बाप्याला पट्टा शिवला होता. घरी वडाभात खाऊन गेलेल्या माणसाने! रुपराव उठून गेला. त्याच्या नातवंडांनी ते पाहिलं असणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सुमतीने स्वानंदला फोन लावला. स्पीकर सुरू होता.

“ताई, रागावू नका,” तो म्हणाला. “हे असंच लिहावं लागतं. हिरोला मुखवटा घालायला कारण लागतं. पहिल्या भागात त्याचं जवळचं कोणीतरी जावंच लागतं. आणि ते बाईमाणूस असलं की लोकांच्या मनाला जास्त लागतं.”

“मले मारलं त्याचं जाऊ द्या,” सुमती म्हणाली. “पन गाडी रिकामी काहून दाखवली? ती तं भरेल होती.”

“ताई, बस भरलेली दाखवली की प्रेक्षक विचारतो, बाकीचे काय करत होते? मग हिरोचं महत्त्व कमी होतं. माणसांना ते बघायला आवडत नाही.”

सुमतीने फोन ठेवला. मग म्हणाली, “पाहा ना बाई, साऱ्याइले उतरवून देल्लं यानं. तिकीटबी नाही, साक्षबी नाही. सुटले सारे.”

मालिका चालली आणि धो-धो चालली. उमरेडपासून मौद्यापर्यंत घराघरांत लागायची. चौकात पोरं काळे पट्टे बांधून फिरायला लागली. आणि सुमतीच्या गाडीतल्या मुली एकेक करून कमी झाल्या. एक दिवस काजलही फाट्यावर दिसली नाही. पुढल्या दिवशीही नाही. सुमतीने गाडी उभी करून वाट पाहिली, मागचे उतारू कुरकुरले, शेवटी दोन घंट्या देऊन निघाली. संध्याकाळी काजलचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती. “बाबा म्हणते, टीव्हीवर पाह्यलं मी. तिथं कंडक्टर बाईच मरते, मंग तुले कोन पाहीन? कॉलेज बंद म्हणते. भिवापूरकडचे पाव्हणे पाहाले येऊन राहिले.” प्रॅक्टिकल जवळ आलं होतं. ते हुकलं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की पाव्हण्यांचं काम सोपं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुमतीची सुट्टी होती त्या दिवशी आम्ही दोघी काजलच्या घरी गेलो.

ताराचंद खाटेवर बसून टीव्ही पाहत होता. काय लागलं होतं ते वेगळं सांगायला नको. झगेवाला एका इमारतीच्या गच्चीवर उभा होता आणि पाऊस पडत होता. ताराचंदने आमचं चांगलं स्वागत केलं, खुर्च्या पुसून दिल्या. काजलची आई चहा ठेवायला आत गेली. काजल दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“दादा, पोरीचं प्रॅक्टिकल आहे,” सुमती म्हणाली. “मी रोज गाडीवर असतो. माझ्या शेजारी बसते थे. तुमाले कायचं भेव वाटून राहिलं?”

“तुमचं खरं आहे बाई,” तो म्हणाला. “तुमी जित्त्या आहा, मले का दिसून नाही राहिलं? पन इचार करा. अशा वक्ती साधा मानूस काय करन? काहीच करू शकत नाही. त्याले असाच कोनी लागते.” त्याने हातातला रिमोट पडद्याकडे रोखला. “अन् तसा मानूस तं खराखुरा नसते. मंग पोट्टीले कोनाच्या भरवशावर धाडू?”

बोलताना त्याच्या तोंडावर एक निवांतपणा होता. जेवण झाल्यावर असतो तसा. माणूस पोरीसाठी भ्यालेला असता तर मी समजले असते. हा भ्यालेला नव्हता. याला त्या मालिकेत गारवा मिळत होता.

मी काही बोलणार तेवढ्यात सुमतीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ती ताराचंदकडे एकटक पाहत होती.

“दादा, मी तुमाले फाट्यावर कदी जवळून पाह्यलं नाही,” ती म्हणाली. “तुमी लांबूनच वापस जाता. आज पहिल्यांदा बोल्ले माझ्याशी.”

“कामं असते ना बाई सकायी...”

“आवाज आयकेल आहे मी तुमचा.”

ताराचंदच्या हातातला रिमोट थांबला.

“त्या दिवशी तुमी गाडीत होते. मांगच्या सीटवर. साऱ्या गाडीत तुमीच एकटे बोल्ले.” सुमतीचा आवाज चढला नव्हता. गाडीत तिकीट विचारते तसाच होता. “ ‘ओ बाई, गाडी थांबवा ना, माझा फाटा गेला.’ ”

आत कपबशा वाजत होत्या, त्या थांबल्या. काजल चौकट सोडून पुढे आली.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमी तं सांगतलं होतं का त्या दिवशी तुमी कन्हानले मामाकडं होते.”

ताराचंदने एकदा बायकोच्या दिशेने पाहिलं, एकदा टीव्हीकडे. झगेवाला गच्चीवरून उडी मारण्याच्या बेतात होता, आणि भाग नेमका तिथेच संपणार होता. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल. एखादा शब्द बोलेल. चूक झाली म्हणेल, भेव वाटलं म्हणेल. भेव वाटलं म्हणाला असता तर मीसुद्धा त्याला माफ केलं असतं.

“पन फाटा तं गेलताच ना माझा,” तो म्हणाला. “उमरेडवरून दुसरी गाडी धरून उलटं या लागलं मले. तिकिटीचे पैसे गेले ते गेलेच.”

चहा बाहेर आलाच नाही. काजल आत गेली आणि कॉलेजची बॅग घेऊन बाहेर आली. तिने एसटीचा पास काढून नीट पाहिला आणि परत पुढच्या कप्प्यात ठेवला.

“बाई, उद्या मी आहो फाट्यावर,” ती सुमतीला म्हणाली. मग बापाकडे न पाहता म्हणाली, “बाबा, तुमी नका येऊ सोडाले. मी एकटी जातो.”