हात दखाड!

आप्पांचा हात आधी चालायचा आणि तोंड मागून. थप्पड बसून गालाची आग जरा निवेपर्यंत आपला गुन्हा काय, ते माणसाला कळत नसे. सिल्वासाहून गलोंड्याकडे जाताना प्लास्टिकच्या बादल्यांची एक फॅक्टरी आहे, तिथे ते आमचे सुपरवायझर होते. मूळचे अमळनेरकडचे. अंगाने काटक, आवाज फुटक्या सायलेन्सरसारखा आणि हातात कायम मोठा पाना. तो नटबोल्टवर कमी आणि टेबलावर, पत्र्यावर, प्रसंगी आमच्या पाठीवर जास्त चालायचा.

त्यांचा सगळा राग एका दाराभोवती होता. बादलीच्या मशीनला पुढे सरकतं दार असतं. ते उघडलं की स्विच सुटतो आणि मशीन थांबतं. दर बादलीला दार उघडण्या-लावण्यात वेळ जातो, म्हणून ऑपरेटर स्विचला चिंधी बांधतात. मग दार उघडंच राहतं, साचा आपटत राहतो आणि माल भराभर निघतो. आप्पांना अशी चिंधी दिसली की संपलं. दिलीप नावाच्या ऑपरेटरच्या तोंडात त्यांनी तीच तेलकट चिंधी कोंबली होती. मॅनेजर धावत आला, "आप्पा, प्रोडक्शन!" म्हणून ओरडला. आप्पांनी पाना मशीनच्या काचेवर घातला. काच खळकन फुटली.

"आते कर प्रोडक्शन," ते म्हणाले.

शिफ्ट सुटली की ते गेटवर उभे राहायचे. "हात दखाड." दोन्ही पंजे उलटसुलट पाहून मगच बाहेर सोडायचे. नव्या माणसाला वाटायचं, चोरी तपासतायत. आता बादली काय कुणी पंजात लपवून नेणार? कधीतरी कुणाचा तरी हात गेला असणार, एवढा अंदाज आम्हाला होता. कुणी म्हणे भावाचा, कुणी म्हणे बायकोचा. विचारायची छाती मात्र कुणाचीच नव्हती.

माझी पाळी आली दसऱ्याला. त्या दिवशी मशीनची पूजा असते, घरच्यांनाही बोलावतात. झेंडूचे हार, नारळ, पेढे. मी नवा शर्ट घालून कुंकवाचं ताट घेऊन उभा, बायको मोबाईलवर फोटो काढतेय. चालू मशीनचा फोटो छान येईल म्हणून मी स्विच बांधला आणि साच्याच्या आतल्या अंगाला कुंकू लावायला वाकलो. मागून कॉलर आवळली गेली आणि थपडांवर थपडा बसल्या. ताट उडालं. ओठ फुटला, शर्टावर कुंकू कुठलं आणि रक्त कुठलं ते कळेना. माझी चार वर्षांची मुलगी किंचाळली.

"पूजा कराले हात लागस, भो! हात!" आप्पा ओरडत होते.

त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. माराचं एवढं नव्हतं. मुलीनं पाहिलं, ते मला सहन झालं नाही.

रांधा गावाच्या बाजूला दुसरी फॅक्टरी मिळाली. मॅनेजर गोड, सगळ्यांना "भाऊ, जरा बघा ना" म्हणणारा. गेटवर कुणी पंजे तपासत नव्हतं. प्रत्येक स्विचला चिंधी होती, थोड्याच दिवसांत माझ्याही. खोटं कशाला बोलू, मी खूष होतो. मग एक दिवस शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर प्रकाश, अडकलेली बादली ओढायला आत वाकला आणि साचा मिटला. मशीनच्या आवाजातूनही त्याची किंकाळी ऐकू आली. साचा उघडला तेव्हा मनगटापुढे ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही पांढऱ्या बादल्या काढत होतो. प्रकाशला गाडीत घालून नेलं आणि मॅनेजर माझ्याजवळ आला. आवाज तसाच मऊ. "भाऊ, साचा जरा पुसून घ्या ना. ऑर्डर आहे." मी पुसला. दुसऱ्या दिवशी त्याने मला सुपरवायझरची जागा देऊ केली.

बातमी गावभर झाली. रविवारी आमच्या खोलीच्या दारावर लाथ बसली. आप्पा! बसले नाहीत, पाणी घेतलं नाही.

"हात दखाड."

मी दाखवले.

"उद्यापासून ये. सेठले सांगेल शे."

बायको मध्ये आली. "पोरीसमोर मारलंत तुम्ही ह्यांना. त्याचं काय?"

आप्पांनी मुलीकडे पाहिलं. ती माझ्या पायामागे लपली. ते माफी मागतील असं मला क्षणभर वाटलं.

"परत माराल का?" मीच विचारलं.

"हात घालशी तं मारसू," म्हणाले आणि चालते झाले.

दिवसभर आम्ही नवराबायको भांडलो. इकडे खुर्ची आणि 'भाऊ' म्हणणारा साहेब, तिकडे थप्पड. "तुम्हाला मान नको का?" ती म्हणाली. "हवाय. पण तो साचा मी पुसलाय," मी म्हणालो. रात्री तिने माझा डबा घासून ठेवला. सोमवारी मी गलोंड्याला गेलो.

पुढे आप्पांनी एका चिंधीपायी सेठच्या पुतण्यालाच तुडवलं आणि त्यांची नोकरी गेली. बस स्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. "आप्पा, हात दाखवा," मी म्हणालो. त्यांनी मुकाट्याने पुढे केले. पंजे धडधाकट, बोटं शाबूत.

"मग कुणाचा गेला होता?"

ते माझ्याकडे न बघता, फलाटाला येऊन थांबलेल्या बसकडे बघत म्हणाले, "गाडी लागनी." जाताना माझा खांदा असा दाबला की पुढे कितीतरी दिवस दुखत होता. मला रडू आलं. ज्याने मला मारलं त्याच्यासाठी मी स्टँडवर रडत होतो.

आता गेटवर मी उभा असतो. आप्पांसारखं मारणार नाही, असं बायकोला वचन दिलंय. गेल्या आठवड्यात नंदुरबारकडचा एक नवा ऑपरेटर चालू साच्यात वाकला आणि माझा हात आधी चालला, तोंड मागून. "नही करनं मले तुमचं काम!" तो ओरडला. शिफ्ट सुटल्यावर गेटवर आला तेव्हा त्याचा गाल सुजला होता. माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता.

"हात दाखव," मी म्हणालो.

त्याने दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर आणून धरले.

"उद्या ये."

तो आला नाही. पण गेला तो दोन्ही हात घेऊन.